ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सिअल की यूएसबी: डॅकला काय जोडावं आणि आवाज नेमका कुठे बिघडतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गिरगावातली जुनी इमारत, घरात एक स्टिरिओ अँप आणि त्याला जोडलेला नवा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा ऐकता येणारा सिग्नल करणारी पेटी. डॅकच्या मागे यूएसबी, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल अशी तीन सॉकेट. लॅपटॉप यूएसबीवर आहे, टीव्ही ऑप्टिकलवर आहे, सीडी प्लेअर अजून जोडायचा आहे. यूएसबीवर गाणी भरदार लागतात, पण गाणं थांबलं की बारीक ‘चिं’ ऐकू येते. ऑप्टिकलवर शांतता आहे, पण आवाज कोरडा वाटतो. दुकानदार म्हणतो, महागाची कोअ‍ॅक्सिअल केबल घ्या, दोन्हीतलं चांगलं मिळेल. घ्यावी का?

नका घेऊ, निदान आत्ता तरी. तुम्ही एक म्हणून विचारलेल्या प्रश्नात दोन वेगळे दोष आहेत. भरदार-कोरडं हा एक आणि ‘चिं’ हा दुसरा. दोघांची कारणं निराळी आहेत आणि महाग केबल त्यातलं एकही कारण दूर करत नाही.

आधी वायरमधून काय जातं ते बघू. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, असे दोन चॅनेल. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १४.१ लाख बिट. ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल या दोन्ही वाटांवर एकच भाषा बोलली जाते, सोनी आणि फिलिप्सने ठरवलेली एसपीडीआयएफ. तिच्यात प्रत्येक नमुना ३२ बिटच्या डब्यात बसवतात, म्हणून वायरवरचा वेग त्याच्या दुप्पट, सेकंदाला सुमारे २८.२ लाख बिट होतो. एक वाट लाल प्रकाशाची, दुसरी तांब्याची, पण मजकूर अक्षरशः तोच.

आणि हा मजकूर बिघडतो तेव्हा कसा बिघडतो, हे कानाला ओळखता आलं पाहिजे. एसपीडीआयएफमध्ये चुकलेला बिट पुन्हा मागवायची सोय नाही. चूक लक्षात आली की डॅक मागचाच नमुना धरून ठेवतो किंवा क्षणभर गप्प बसतो. तुम्हाला ऐकू येते ‘टिक’, किंवा गाणं मध्येच तुटतं, किंवा डॅकचा दिवा लागतो-विझतो. बास मऊ झाला, गायकाचा आवाज मागे सरकला, झांजांची चमक गेली, असं चुकलेल्या बिटांनी होत नाही. तसं व्हायला लाखो नमुन्यांवर ठरावीक गणित करावं लागतं, आणि वायर गणित करत नाही. ते गणित लॅपटॉपमधलं किंवा टीव्हीमधलं सॉफ्टवेअर करतं. तुमच्या कोरडेपणाचा शोध तिथेच घ्यायचा.

दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे दोन्हीकडे खरोखर तीच फाइल वाजते का? लॅपटॉपवर साठवलेली फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) फाइल आणि टीव्हीवर यूट्यूबचं अ‍ॅप, ही तुलना ऑप्टिकल आणि यूएसबीची होत नाही, दोन वेगळ्या रेकॉर्डिंगची होते. यूट्यूबवरचा ऑडिओ मुळात आकसून पाठवलेला असतो, शिवाय मोठ्या आवाजात मिसळलेलं गाणं तिथे खाली आणलं जातं. त्यातून बहुतेक टीव्ही ऑप्टिकलमधून सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलून सोडतात, आणि ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘सराउंड’ यांतलं काहीतरी सेटिंगमध्ये सुरू राहिलेलं असतं. हे सगळं बंद करा. एक-दोन गाणी डब्ल्यूएव्ही स्वरूपात पेनड्राइव्हवर घ्या आणि तीच दोन्हीकडे वाजवा.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची, आणि माझ्या मते तुमच्या तक्रारीचा मोठा भाग हीच आहे. दोन स्रोतांत १ डेसिबलचा फरक असेल तर तो ‘मोठा’ असा ऐकू येत नाही. तो ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘जवळचा’ असा ऐकू येतो. म्हणून पातळी जुळवल्याशिवाय दोन वाटांची तुलना मी करतच नाही. ती जुळवायची अशी: १०० हर्ट्झचा शुद्ध सूर, पूर्ण पातळीपेक्षा ६ डेसिबल खाली, अशी एक मिनिटाची फाइल बनवा. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ‘जनरेट’खाली टोन निवडून अँप्लिट्यूड ०.५ ठेवला की झालं. अँप बंद करा, डॅककडून येणारी आरसीए वायर (मधे पिन आणि भोवती कडं असलेल्या गोल प्लगची) अँपमधून काढा आणि तिच्या मधल्या पिनवर व बाहेरच्या कड्यावर मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावा. डॅकचं पूर्ण आउटपुट २ व्होल्ट असेल तर १ व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. आता टीव्ही आणि लॅपटॉप आळीपाळीने वाजवा. एकीकडे १.०० आणि दुसरीकडे १.१२ आलं तर तो बरोबर १ डेसिबलचा फरक. १.०० आणि १.०१ इतकं जवळ आणा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. जो मोठा असेल तो लहान करायचा. एक सूचना: अगदी स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर हे मोजता येणार नाही. २ व्होल्ट एसीची रेंज असलेला किंवा आपोआप रेंज घेणारा मीटर शेजारच्या वायरमनकडून तासाभरासाठी आणा.

पातळी जुळवल्यावर घरातल्या कुणाला तरी डॅकवरचं इनपुट तुमच्या नकळत बदलायला सांगा आणि १० वेळा ओळखून बघा. नुसत्या अंदाजाने १० पैकी ९ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण १ टक्का असते. ९ आले तर फरक खरा आहे, आणि तो बहुधा टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडेल. ५-६ आले तर कोरडेपणा पातळीचाच होता.

आता ‘चिं’. हा दोष खरा आहे, आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींत तो फार मोठ्या प्रमाणावर दिसतो, म्हणून यावर थोडं सविस्तर.

लॅपटॉपच्या चार्जरच्या आत मुख्य विजेची बाजू आणि तुमची बाजू यांच्यामध्ये एक छोटा सुरक्षा कॅपॅसिटर असतो. त्यातून अगदी किंचित करंट तुमच्या बाजूला झिरपतो. अर्थिंग नीट असेल तर तो तिसऱ्या पिनमधून जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, किंवा चार्जरच दोन पिनांचा असेल, तर त्याला जायला जागा उरत नाही. चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की खरखरीत, मुंग्या आल्यासारखं लागतं, ते हेच. हाच करंट मग यूएसबी वायरच्या ग्राउंडमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, डॅकमध्ये शिरतो, डॅकमधून आरसीए वायरच्या बाहेरच्या जाळीतून अँपमध्ये जातो आणि तिथून सापडेल त्या वाटेने जमीन गाठतो. लॅपटॉपच्या आतल्या प्रोसेसरची आणि यूएसबीची किरकिरही त्याच वाटेने वाहत जाते.

इथे नीट लक्ष द्या. यूएसबीवरून आलेले बिट अजूनही शंभर टक्के बरोबर आहेत. बिघाड होतो तो डॅकच्या पुढच्या, अ‍ॅनालॉग आरसीए वायरमध्ये. त्या वायरची जाळी एकाच वेळी सिग्नलचा परतीचा रस्ता असते आणि या आगंतुक करंटचाही. जाळीला थोडा रोध असतोच. करंट गुणिले रोध इतका व्होल्टेज तिथे तयार होतो आणि अँप त्याला संगीत समजून मोठा करतो. यूएसबी वायर कितीही भारी आणली तरी तो रस्ता तसाच राहतो. उलट तिची जाळी जाड असेल तर कधीकधी आणखी सोपा होतो.

कुठला आवाज कुठून येतो हे ओळखायला फोनवर फुकट मिळणारं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप पुरतं. गाणं थांबवा, अँपचा आवाज थोडा वाढवा, फोन ट्वीटरजवळ (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरजवळ) धरा. टोक ८,००० हर्ट्झवर दिसलं तर ते यूएसबीचं. हाय-स्पीड यूएसबी दर १२५ मायक्रोसेकंदांनी म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा पुडकं पाठवते, आणि ती लय विजेच्या ओढीत उमटते. जुन्या फुल-स्पीड डॅकमध्ये हाच सूर १,००० हर्ट्झवर मिळतो. ५०, १००, १५० हर्ट्झवर डोंगर दिसले तर ती मुख्य विजेची घरघर. माउस हलवताना किंवा पान सरकवताना आवाजाचा पोत बदलत असेल तर ती लॅपटॉपच्या आतली किरकिर.

मग याच क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार्जर लॅपटॉपमधून काढा, नुसत्या बॅटरीवर वाजवा. ‘चिं’ गेली तर गुन्हेगार चार्जर आणि अर्थिंग. ती राहिली तर यूएसबी वायर डॅकमधून पूर्ण उपटा आणि ऑप्टिकल निवडून ऐका. इथे बरेच जण चुकतात: ऑप्टिकल निवडलेलं असतं, पण यूएसबीची वायर खोचलेलीच असते. इनपुटचं बटण फक्त बिट निवडतं, ग्राउंडची वाट तशीच जोडलेली राहते. तिसरी पायरी म्हणजे लॅपटॉप, डॅक, अँप आणि टीव्ही सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. चौथी, सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची वायर काढून बघा. ती वायर इमारतीभर फिरून आलेली असते आणि तिची जाळी दुसऱ्याच कुठल्यातरी अर्थला जोडलेली असते. घरघर असेल तर ती या वायरमुळे असायची शक्यता मोठी. केबलवाल्याच्या वायरवर अर्थ तोडणारा आयसोलेटर लावता येतो, पण डिश असलेल्या डीटीएचवर तसला आयसोलेटर चालत नाही, कारण बॉक्स त्याच वायरमधून डिशला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो.

चार्जरचंच काम निघालं तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये जवळपास २३० व्होल्ट दाखवलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही नको. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा असून मध्येच कुठेतरी तुटलेली असते. हे दुरुस्त करणं आवाजासाठी जितकं गरजेचं, त्याहून जास्त जिवासाठी. आणि घरघर घालवायला म्हणून प्लगची तिसरी पिन कापायचा किंवा टेप लावून बंद करायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि ते वाहून न्यायला काही उरणार नाही.

एवढ्यावरही ‘चिं’ राहिली तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे बिट जाऊ देऊन ग्राउंडची वाट तोडणारी डबी, हा उपाय आहे. यात एक अडचण आहे. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त आयसोलेटर फक्त फुल-स्पीड म्हणजे १२ मेगाबिटवर चालतात. तुमचा डॅक यूएसबी ऑडिओ क्लास २ चा असेल तर त्याला ४८० मेगाबिटची हाय-स्पीड जोडणी लागते. स्वस्त आयसोलेटरवर तो एकतर ओळखलाच जाणार नाही किंवा ९६ किलोहर्ट्झवर अडकेल. घेताना ‘हाय-स्पीड ४८०’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, ते पाहा. दुसरा मार्ग जास्त सरळ आहे: यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी छोटी डबी घ्या आणि डॅकला ऑप्टिकलने जोडा. प्रकाशातून करंट वाहत नाही, त्यामुळे ग्राउंडची साखळी तिथेच तुटते. तुमच्याकडे टीव्हीला ऑप्टिकलवर शांतता आहे ती याच कारणाने.

ऑप्टिकलची ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. तिच्या मर्यादाही सांगतो. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही जोडणी साध्या प्लास्टिकच्या तंतूवर चालते. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती निर्धास्त चालते, १९२ किलोहर्ट्झला काही उपकरणं डळमळतात. पाच मीटरच्या पुढे जाऊ नका, आणि वायर काटकोनात दुमडू नका. वळण किमान चहाच्या छोट्या ग्लासच्या कडेइतकं मोठं ठेवा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर नेमकं प्लगपाशीच वायर मोडते. आवाजच येत नसेल तर आधी प्लगच्या टोकावरचं पारदर्शक टोपण काढलंय का ते बघा. ते काचेसारखं दिसतं आणि तसंच राहून जातं. वायरचं दुसरं टोक पांढऱ्या कागदाजवळ धरा, लाल ठिपका दिसला पाहिजे. लाल ठिपका आहे आणि तरी डॅक मुका, तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘डॉल्बी’ किंवा ‘ऑटो’वर आहे. ते ‘पीसीएम’ (साधा, न आकसलेला डिजिटल आवाज) करा. स्टिरिओ डॅकला डॉल्बीची भाषा येत नाही, तो गप्प बसतो किंवा नुसता फसफसाट काढतो.

ऑप्टिकलबद्दल ‘जिटर (घड्याळाचा हेलकावा) जास्त’ असंही ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे, पण प्रमाण समजून घ्या. एसपीडीआयएफमध्ये घड्याळाची टिकटिक बिटांतच मिसळलेली येते आणि डॅकला ती वेगळी काढावी लागते. ऑप्टिकलचे प्रकाश देणारे-घेणारे भाग थोडे सुस्त असल्यामुळे ही टिकटिक काही नॅनोसेकंद मागेपुढे होते. समजा, डॅकने ती अजिबात सावरली नाही आणि १ नॅनोसेकंदाचा नियमित हेलकावा तसाच आउटपुटला पोचला. तर १० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या सुराच्या दोन्ही बाजूंना जे उपरे सूर उमटतील ते त्याच्या ९० डेसिबल खाली असतील. संगीतात १० किलोहर्ट्झला इतकी ताकद कधी नसते, आणि तुमच्या खोलीत रस्त्याचा आवाज, पंखा आणि फ्रिज आहेत. शिवाय आजचे बहुतेक डॅक येणारी टिकटिक गाळून घेतात. जुना, सुरुवातीच्या काळातला डॅक असता तर मी हा मुद्दा जास्त गांभीर्याने घेतला असता.

यूएसबीची खरी ताकद याच जागी आहे. असिंक्रोनस यूएसबीत घड्याळ डॅकचं असतं आणि लॅपटॉपला पुडकी कधी जास्त, कधी कमी पाठवायला डॅकच सांगतो. त्यामुळे बिघाड वायरपेक्षा विंडोजमध्ये शोधावा. साउंडच्या सेटिंगमध्ये डॅकचा डिफॉल्ट फॉरमॅट ४८ किलोहर्ट्झ असेल तर सीडीची ४४.१ ची गाणी गुपचूप बदलून जातात. डॅकवर आकडा दिसत असेल तर गाण्यानुसार तो बदलतो का ते पाहा. बदलत नसेल तर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (गाणं न बदलता थेट डॅकला देण्याची विंडोजची सोय) निवडा. फॉरमॅट २४ बिट ठेवा. मग विंडोजचा आवाज थोडा कमी केला तरी काळजी नाही, कारण दर ६ डेसिबलला एक बिट जातो आणि १६ बिटच्या गाण्याखाली ८ बिट मोकळे असतात.

बाकीच्या वाटा तुमच्यासाठी फारशा कामाच्या नाहीत. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच बाहेर देण्याची सोय) साउंडबार किंवा एव्ही रिसीव्हरला उत्तम, पण तुमच्या डॅकला ते सॉकेटच नाही. स्टुडिओत वापरतात ती ११० ओहमची एईएस जोडणी लांब अंतरासाठी असते. एचडीएमआयच्या सॉकेटमधून आय-स्क्वेअर-एस देणाऱ्या डॅकच्या मागे लागू नका. ती मुळात पेटीच्या आतल्या दोन चिपमधली भाषा आहे आणि बाहेर तिच्या पिनांची सगळ्यांनी पाळावी अशी ठरलेली मांडणी नाही. ब्लूटूथवर मात्र फरक खरोखर असतो, कारण तिथे संगीत आकसलं जातं: एसबीसी या नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत, एलडॅक या दुसऱ्या पद्धतीत जास्तीत जास्त ९९० किलोबिट, आणि सीडीला लागतात १,४११.

राहिला सीडी प्लेअर. तो कोअ‍ॅक्सिअलवर जोडा. कोअ‍ॅक्सिअलला एकच महत्त्वाची अट आहे, वायर ७५ ओहमची हवी. अशी वायर तुमच्या घरात बहुधा पडलेली आहे. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेल्या तीन रंगांच्या वायरीतली पिवळी, व्हिडिओची, ती ७५ ओहमचीच. लाल-पांढरी ऑडिओची वायर एखाद्या मीटरपर्यंत बहुधा चालून जाते, पण पिवळी असताना ती कशाला वापरायची? लांब हवी असेल तर लॅमिंग्टन रोडवर आरजी-६ किंवा आरजी-५९ वायर मीटरवर मिळते, तिच्या दोन्ही टोकांना आरसीए प्लग बसवून घ्या. कोअ‍ॅक्सिअल तांब्याची आहे, म्हणजे ग्राउंड जोडला जाणार हे विसरू नका. चांगल्या उपकरणांत आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, स्वस्तात तो वगळतात. सीडी प्लेअर जोडल्यावर नवी घरघर सुरू झाली आणि त्याला ऑप्टिकल आउट असेल तर सरळ तिकडे वळा. एका ऑप्टिकल इनपुटवर दोन उपकरणं हवी असतील तर ऑप्टिकलचा साधा स्विच मिळतो.

आणि समुद्राजवळ राहता म्हणून एवढं कराच. पावसाळ्यात आरसीएच्या पिनांवर काळपट-हिरवट थर धरतो आणि मग ‘टिक’ आणि तुटका आवाज सुरू होतो, ज्याला लोक केबल ‘जुनी झाली’ म्हणतात. सगळं बंद करून प्लग जागच्या जागी तीन-चार वेळा फिरवा, मग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जूनच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा पुरतं. न वापरलेल्या ऑप्टिकल सॉकेटमध्ये त्याची रबरी टोपी बसवून ठेवा. ती हरवली असेल तर सॉकेटच्या तोंडावर कागदी टेपचा तुकडा लावा, कारण आत बसलेली ओलसर धूळ नंतर निघता निघत नाही.